जर्मनीतील पोस्टडॉक संपवून भारतात वाचनाच्या मेंदूविज्ञानाची प्रयोगशाळा: सोबत काय न्यावे आणि काय मागे सोडावे?

माळरान

नमस्कार. मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केले आणि त्यानंतरचे सगळे शिक्षण व पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन, जर्मनीत केले. वाचताना मेंदूत काय घडते, हा माझा विषय आहे. अक्षरे दिसल्यापासून शब्दाचा अर्थ लागेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ जातो आणि त्या अवधीतल्या घडामोडी मी ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारे तंत्र) व फंक्शनल एमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहावरून त्याचे कार्य दाखवणारे चित्रण) यांच्या साहाय्याने अभ्यासते. आता भारतातील एका संस्थेने सहायक प्राध्यापकपद देऊ केले असून पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी तेथे रुजू व्हायचे आहे.

जर्मनी सोडण्याचे कारण अनेकजण विचारतात, म्हणून ते आधीच सांगून टाकते. येथे विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांमधील मुदतीच्या नेमणुकांसाठी २००७ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार पीएच.डी.पूर्वी सहा आणि पीएच.डी.नंतर सहा वर्षे इतकाच काळ अशा नेमणुकीवर राहता येते. मूल असल्यास प्रत्येक मुलामागे दोन वर्षांची सवलत मिळते आणि बाहेरून आलेल्या प्रकल्पनिधीवरचे करार या मर्यादेपलीकडेही करता येतात. मात्र कायम जागा इतक्या थोड्या आहेत की बहुतेकांची वाट सहाव्या वर्षाशी येऊन खुंटते. या कायद्याचे समर्थन करणाऱ्या सरकारी चित्रफितीत 'हाना' नावाची एक काल्पनिक संशोधिका होती. २०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तिचेच नाव घेऊन 'मी हाना आहे' अशी मोठी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली होती. त्यामुळे माझी स्थिती काही जगावेगळी नाही.

प्रश्न पुढचा आहे. येथे गोळा केलेली विदा (डेटा), अर्धवट असलेले पेपर, चालू सहकार्य आणि नव्या जागी सुरू करायचे संशोधन यांची सांगड कशी घालावी? ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी या संक्रमणकाळाविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

वेताळटेकडी

अभिनंदन. मी याच वाटेने परतलो असून सध्या एका केंद्रीय संस्थेत शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट विदेची. युरोपातील सहभागी व्यक्तींचे एमआरआय तुमच्या हार्डडिस्कवर असले तरी ते तुमचे नसतात. २०१८ मध्ये लागू झालेल्या युरोपीय विदासंरक्षण नियमावलीनुसार ते कोठे आणि कशासाठी वापरता येतील, हे संमतिपत्रातील शब्दांवर आणि संस्थेच्या परवानगीवर ठरते. नावे काढून टाकली म्हणजे ओळख पुसली, अशी समजूत पुष्कळांची असते. अमेरिकेत २०१९ मध्ये ८४ जणांच्या एमआरआयमधून चेहरे पुन्हा तयार करून ते छायाचित्रांशी जुळवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा संगणकाने ७० जणांना बिनचूक ओळखले. म्हणून चेहऱ्याचा भाग काढून टाकलेल्या प्रतिमा, लेखी विदाहस्तांतरण करार आणि जुन्या संस्थेच्या विदासंरक्षण अधिकाऱ्याची संमती या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच पूर्ण करून घ्या. तुमचा तेथील करार संपल्यावर त्या कार्यालयातून उत्तर येण्यास फार काळ लागतो.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे पेपर अडकतात. तुमचा संस्थेचा ईमेल पत्ता करारासोबतच बंद होतो. नियतकालिकांच्या संकेतस्थळांवरील खाती, ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक, विदा ठेवण्याच्या जागा, प्रोग्रॅमच्या प्रती आणि सहलेखकांशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळे त्या पत्त्याला बांधलेले असते. प्रत्येक ठिकाणी खासगी पत्ता जोडून घ्या, नाहीतर परीक्षकांचे अभिप्राय कोणीही न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडतील आणि दुरुस्तीची मुदत टळून जाईल. मॅटलॅबसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना आणि संस्थेचा मोठा संगणकसमूह यांचेही तेच. विश्लेषणाची सगळी साखळी आताच मुक्त साधनांवर आणून ठेवा आणि विदा 'बिड्स' या प्रमाणित मांडणीत बसवा, म्हणजे नव्या जागेचा विद्यार्थी तुम्हाला न विचारता ती उघडू शकेल.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. तेथील मार्गदर्शकांशी बसून कोणता प्रश्न कोणाकडे राहणार, हे लेखी ठरवा. भारतातील निवड आणि पदोन्नती समित्या जुन्या मार्गदर्शकांचे नाव नसलेले पेपर शोधतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. दोन-तीन जुने पेपर सहलेखक म्हणून पूर्ण करा, पण तीच प्रश्नमालिका येथून चालवण्याचा अट्टहास धरू नका. त्या प्रयोगशाळेकडे यंत्र आहे, तंत्रज्ञ आहेत आणि पीएच.डी.चे चार विद्यार्थी आहेत. तुमच्याकडे पहिले वर्षभर रिकामी खोली असेल. त्याच प्रश्नावर त्यांच्याशी शर्यत लावली, तर निकाल आधीच ठरलेला आहे.

कोरा_कागद

थोडे विरोधी मत नोंदवतो. मीही याच कायद्याच्या सहाव्या वर्षाशी पोहोचलो होतो. त्या वेळी मी संशोधनक्षेत्र सोडले आणि आता वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत संकेतविश्लेषणाचे काम करतो. ईईजी शिकलेल्या माणसाला संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगरचना ही तिन्ही अंगे येतात आणि त्यांना येथे चांगली किंमत आहे. वयाच्या चाळिशीत नव्या देशात (भारत आता आपल्यासाठी काहीसा नवाच असतो) शून्यापासून प्रयोगशाळा मांडण्यामागे जिद्द किती आणि सवय किती, हे एकदा स्वतःशी तपासून पाहावे. प्राध्यापकपद हीच या शिक्षणाची एकमेव सार्थकता, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे.

माळरान

कोरा_कागद, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्या दिशेनेही चौकशी केली होती. परंतु मला ज्या प्रश्नावर काम करायचे आहे, तो जर्मनीत बसून नीट सोडवताच येत नाही, हे परतण्यामागचे खरे कारण आहे.

वाचनाच्या मेंदूविज्ञानातील बहुतेक सिद्धान्त रोमन लिपीच्या आधारे उभे राहिले. अक्षरे पाहिल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागील बाजूस, विशेषतः डावीकडे, ईईजीमध्ये जी ऋण लाट दिसते, तिला एन१७० म्हणतात. वाचनाचा सराव वाढतो तशी ती अक्षरांसाठी अधिक ठळक होत जाते. देवनागरीत मात्र उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम नेहमी जुळत नाही. 'किती' हा शब्द घ्या. पहिल्या अक्षरात वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार 'क'नंतर होतो, तर दुसऱ्या अक्षरात दृश्य आणि उच्चार यांचा क्रम एकच आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात, अशा उलट क्रमाच्या शब्दांना वाचकाला अधिक वेळ लागतो, असे दाखवले होते. हा अधिकचा वेळ मेंदूच्या कोणत्या टप्प्यावर खर्च होतो, दृष्टीच्या की उच्चारजुळणीच्या, हे मला पाहायचे आहे. मराठीत जोडाक्षरे आणि रफार यांची भर पडते, म्हणून साहित्य मुबलक आहे.

दुसरे आकर्षण प्रौढ साक्षरतेचे आहे. २०१७ मध्ये लाइपझिग आणि नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थांनी भारतीय सहकाऱ्यांसह लखनौजवळच्या गावांत एक अभ्यास केला. त्यात निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून आधी आणि नंतर त्यांचे मेंदू तपासण्यात आले. मेंदूच्या बाह्य थराइतकेच थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभासारख्या खोलवरच्या भागांतही बदल आढळल्याचे त्यांनी लिहिले. निष्कर्ष लक्षवेधी होता, पण सहभागी सुमारे तीसच होते. अशा संशोधनाचे नेतृत्व ज्यांची ती लिपी आहे, त्यांनी करावे, असे मला मनापासून वाटते.

गोदाकाठ

मी नाशिक जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माळरान, तुम्ही ज्या संस्थेत जात आहात तेथे स्थिती निराळी असेल, परंतु तुमचे विद्यार्थी आमच्यासारख्या महाविद्यालयांतून येणार आहेत, म्हणून हे लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात म्युलर-लायर भ्रमाची लाकडी पट्टी, आरशात पाहून तारा गिरवण्याचे उपकरण, बोटांचा भूलभुलैया आणि फिरता स्मृतिपिंप एवढे साहित्य आहे. विद्यार्थी जर्नल सुबक लिहितात, आलेख रंगवतात आणि तोंडी परीक्षेत व्याख्या अचूक सांगतात. प्रयोगाची रचना बदलून पाहा, असे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते, कारण अभ्यासक्रमात त्यासाठी तासिकाच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्यावर प्रवेश, परीक्षा, मूल्यांकन समितीच्या भेटीची कागदपत्रे आणि निवडणुकीची कामे येतात. विभागातील निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या असतील, तर त्या सहकाऱ्यांना संशोधनाचा विषय काढणेही क्रूर वाटते.

एक मात्र सांगते. ही मुले मेहनतीची असतात आणि मराठी वाचनावरच्या प्रयोगाला त्यांच्याइतके चांगले साहाय्यक तुम्हाला मिळणार नाहीत. शब्दयाद्या तयार करणे, शब्दांची वारंवारता मोजणे आणि पहिल्या टप्प्यात फक्त प्रतिसादाचा वेळ नोंदवणे या कामांना एक साधा संगणक पुरतो. आमच्यासारख्या दोन-तीन महाविद्यालयांशी आरंभापासून करार केलात, तर रिकाम्या खोलीचे ते वर्ष वाया जाणार नाही. पेपरवर आमच्या विद्यार्थ्यांची नावे येतील, एवढी अट मात्र मी घालीन.

माळरान

गोदाकाठ, ही अट मला आनंदाने मान्य आहे. ईईजीचा प्रयोग करण्यापूर्वी शब्दयादी आणि प्रतिसादवेळ यांचा पाया लागतोच आणि मराठीसाठी तो आपल्यालाच घालावा लागणार आहे. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी, याविषयी पुढे विचारीन.

इंद्रायणी

मी रुग्णालयात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि आमच्या येथील एमआरआय यंत्रावर संशोधकांनाही वेळ दिला जातो. त्या अनुभवातून काही गोष्टी नोंदवते.

रुग्णालयातील यंत्र आधी रुग्णांसाठी असते. संशोधनाला रात्रीची किंवा रविवारची वेळ मिळते आणि अपघाताचा रुग्ण आला की तीही जाते. खेड्यातून आलेल्या सहभागी व्यक्तीला अशा वेळी परत पाठवणे शोभत नाही, म्हणून तिच्या मुक्कामाची आणि जेवणाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच धरा. वयस्क स्त्रियांची जोडवी अनेकदा वर्षानुवर्षे काढलेली नसतात आणि ती निघता निघत नाहीत. मंगळसूत्र काढायला सांगितले की सोबतच्या नातेवाईकांशी चर्चा सुरू होते. हे सगळे यंत्राच्या दारात न करता आदल्या दिवशी घरी फोन करून समजावावे आणि तो फोन शक्यतो बाईनेच करावा. निरक्षर व्यक्तीची संमती घेताना अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट दिलेले आहे. जर्मन सहकारी त्या प्रकल्पात राहणार असतील आणि तो आरोग्य-संशोधनात मोडत असेल, तर संस्थेच्या नीतिसमितीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मान्यता लागते. तिच्यासाठी वेळापत्रकात भरपूर जागा ठेवा.

चाचण्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचण्यांचा जो संच विकसित केला, त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा घेतल्या गेल्या. मराठी त्यात नव्हती. म्हणजे मराठी प्रौढाची वाचनक्षमता किंवा स्मरणशक्ती वयाच्या व शिक्षणाच्या मानाने कितपत आहे, हे सांगायला आम्ही भाषांतरित चाचण्या आणि स्वतःचा अनुभव यांवर वेळ निभावतो. तुमच्या संशोधनातून मराठीचे प्रमाणांक, म्हणजे वय व शिक्षणानुसार अपेक्षित गुण, तयार झाले, तर ते एखाद्या नामांकित नियतकालिकात कदाचित छापले जाणार नाहीत, पण माझ्या बाह्यरुग्ण विभागात ते रोज वापरले जातील.

भारतातूनच काय करता येते, याचे उत्तम उदाहरण हैदराबादचे आहे. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि द्विभाषिकांमध्ये हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दाखवले. द्विभाषिक निरक्षरांमध्येही हा फरक दिसला, त्यामुळे हा केवळ शिक्षणाचा परिणाम आहे, असे म्हणता येईना. असा पुरावा युरोपात मिळणे अवघड होते, कारण तेथे एवढे निरक्षर द्विभाषिक कोठून आणायचे?

माळरान

इंद्रायणी, प्रमाणांकांचा मुद्दा माझ्या योजनेत नव्हता, तो आता घेते. वेताळटेकडी, एक शंका आहे. लहान नमुन्यांवरील संशोधनाची विश्वासार्हता सध्या सगळीकडे तपासली जात आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्केच पूर्वीसारखे लक्षणीय निष्पन्न झाले. २०२२ मध्ये तर मेंदूची रचना आणि वर्तन यांचा संबंध खात्रीने दाखवायला हजारो व्यक्ती लागतात, असा पेपर 'नेचर'मध्ये आला. नव्या प्रयोगशाळेने तुटपुंज्या निधीत या अपेक्षा पुऱ्या करायच्या कशा?

वेताळटेकडी

तो 'नेचर'चा पेपर नीट वाचावा लागतो. हजारोंची गरज व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांचा अभ्यास करताना लागते, म्हणजे अमक्याचा मेंदू असा आहे म्हणून त्याची बुद्धी तशी आहे, अशा प्रकारच्या विधानांसाठी. तुमचा वेलांटीचा प्रयोग एकाच व्यक्तीला दोन्ही प्रकारचे शब्द दाखवणारा आहे. तेथे व्यक्तीची तुलना स्वतःशीच होते आणि शब्दांची संख्या वाढवून अचूकता कमावता येते. म्हणून यंत्राच्या आवाक्याप्रमाणे प्रश्न निवडा. सुरुवातीची वर्षे एमआरआयचा मोह टाळून ईईजीवर उभे राहा, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगाची योजना आणि विश्लेषणाचा आराखडा विदा गोळा करण्यापूर्वीच नियतकालिकाकडे परीक्षणाला पाठवण्याची पद्धत २०१३ पासून रुळली आहे. नव्या प्रयोगशाळेला ती फार सोयीची पडते, कारण योजना स्वीकारली गेली की निकाल कसाही आला तरी पेपर तत्त्वतः पक्का होतो आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधाची काळजी मिटते.

खरेदीत मात्र संयम लागतो. सरकारी संस्थेत आधी सरकारी ई-बाजारपेठेवर वस्तू आहे का ते पाहायचे, नसल्यास तसे प्रमाणपत्र घ्यायचे, मग निविदा, तांत्रिक समिती आणि वित्त विभाग. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांसाठी हे नियम बरेच शिथिल झाले आणि संस्थाप्रमुखांचे अधिकार वाढले, तरी ईईजी संच ठरवल्यापासून संकेत टिपणारी पहिली टोपी डोक्यावर चढेपर्यंत मोठा काळ जातोच. तुमच्या प्रारंभनिधीचे पत्र रुजू होण्यापूर्वी मागून घ्या आणि त्यात रक्कम, खोलीचे क्षेत्रफळ व स्वतंत्र अर्थिंग यांचा उल्लेख आहे का, ते पाहा.

अर्थिंगचे मुद्दाम लिहिले. मेंदूचा संकेत काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि भिंतीतील ५० हर्ट्झचा वीजप्रवाह त्यात सहज मिसळतो. जर्मनीतही वारंवारता तीच आहे, पण तेथील खोली आधीच आवरणबंद असते. येथे पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबचा चोक आणि शेजारच्या खोलीतील यूपीएस, प्रत्येकाचा ठसा आलेखावर दिसतो. पंखा बंद करून वातानुकूलनही नसेल, तर कपाळाला घाम येतो आणि आलेख हळूहळू वर-खाली वाहू लागतो. सहभागी व्यक्तींना आदल्या रात्री केसांना तेल न लावण्याविषयी निरोप पाठवा, कारण तेलामुळे त्वचेवरचा विद्युत रोध वाढतो आणि जेल कितीही भरले तरी तो उतरत नाही. जाड, लांब केस असलेल्या मुलींची तयारी करायला दुप्पट वेळ लागतो आणि पुष्कळ प्रयोगशाळांत त्यांना गुपचूप वगळले जाते. तुमचा नमुना तसा एकतर्फी होऊ देऊ नका. शाम्पू, टॉवेल, केस वाळवण्याचे यंत्र आणि वाहत्या पाण्याचे बेसिन हे प्रयोगशाळेचे आवश्यक साहित्य आहे. खरेदी विभाग शाम्पूवर आक्षेप घेतो, तेव्हा त्याला 'संवाहक जेल स्वच्छ करण्याचा द्रव' असे लिहावे.

कोरा_कागद

शेवटचे वाक्य वाचून उद्योगक्षेत्रात आल्याचे समाधान वाटले. तरीही, माळरान, तुमची योजना ऐकून माझे आधीचे मत मी थोडे मागे घेतो. संकेतशुद्धीकरणाच्या प्रोग्रॅमसाठी मदत लागल्यास रविवारी मी मोकळा असतो.

गोदाकाठ

इयत्तेविषयी आताच सुचवते. तिसरी ते पाचवी हा काळ घ्यावा. तोवर बाराखडी झालेली असते, पण जोडाक्षरांत मुले अजून अडखळतात, त्यामुळे फरक स्पष्ट दिसतील. शाळेत जाऊन प्रयोग करण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र लागते आणि ते दिवाळीच्या सुटीपूर्वी मिळाले नाही, तर पुढे स्नेहसंमेलने आणि परीक्षा येतात. 'कि', 'की', 'र्क' आणि 'क्र' असलेल्या शब्दांची कच्ची यादी आमच्या तृतीय वर्षाच्या मुलांकडून या सत्रात करून घेते. शब्दाची लांबी अक्षरांत मोजायची की चिन्हांत, एवढे मात्र तुम्ही आधी कळवा.

माळरान

दोन्हींत मोजा आणि दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. शब्दाच्या प्रत्येक जोडीत फक्त वेलांटीचा क्रम बदलावा, लांबी आणि वारंवारता शक्य तितकी सारखी राहावी. विदाहस्तांतरणाच्या कराराचा मसुदा मी या आठवड्यात येथील कार्यालयाकडे देते. शब्दयादीसाठी रकान्यांचा नमुना तुम्हाला या संकेतस्थळावरील 'विचारपूस' या निरोपाच्या सोयीतून पाठवला आहे.